पॉवर बँक आणि माझी लाज

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विमानप्रवासाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी काही मोठी प्रवासी नव्हे. मुलगी सिंगापूरला असते म्हणून तीनचार वाऱ्या घडल्या, एवढेच. पण मागल्या वारीत माझ्या हातून एक चूक झाली, तीच आज सांगते.

मोबाईलला वीज पुरविणारी पॉवर बँक आता आपल्या बहुतेकींच्या पर्समध्ये असते. ती मोठ्या बॅगेत घालायची नाही, जवळच ठेवायची, असे जावयांनी मला बजावले होते. त्याप्रमाणे मी ती हातबॅगेत ठेवली. पण विमानाच्या दाराशी गर्दी झाली. वरचे कप्पे भरले म्हणून तेथल्या मुलाने माझी हातबॅग खाली सामानात धाडण्यासाठी घेतली. "आजी, आत पॉवर बँक आहे का?" असे त्याने विचारलेही. मागे रांग खोळंबलेली. सर्वांदेखत बॅग उपसायची, भाजणीचे डबे बाहेर काढायचे, याची मला लाज वाटली. मी चक्क "नाही" म्हटले.

जागेवर बसले, पण जिवाला चैन पडेना. शेजारी एक तान्हे बाळ आईच्या मांडीवर झोपले होते. त्याच्याकडे पाहिले आणि राहवेना. हवाईसुंदरीला बोलावून खरे ते सांगितले. बॅग शोधून वर आणली, तोवर वीस मिनिटे गेली. लोक कुरकुरले. ती मुलगी मात्र म्हणाली, "सांगितलंत हे फार बरं केलंत."

पुढे तिने कारण सांगितले. या बॅटरीत लिथियम असते. ती ठेचली, फुगली वा आत दोष असला, तर आपोआप तापत जाते आणि पेटते. एक कोश पेटला की शेजारचाही पेटतो. वर माणसांत असे झाले तर धूर दिसतो, पाणी ओतून ती थंड करता येते. उडत्या विमानाच्या पोटात, सामानाच्या ढिगात, तेथवर कोण पोचणार?

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच पेटले. आग वरच्या कप्प्यातून निघाली. आतली १७६ माणसे उतरून वाचली, विमान मात्र जळाले. चौकशीत संशय पॉवर बँकेवर आला. १ मार्च २०२५ पासून त्या देशाने ती वरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच पॉवर बँक नेऊ देण्याचा, आणि तीही विमानात न वापरण्याचा नियम केला.

आता हिशेब ऐका, आपल्या शिवणाच्या मापाहून अवघड नाही. पॉवर बँकेवर 'एमएएच'चा आकडा असतो. त्याला ३.७ ने गुणावे व १००० ने भागावे. २०,००० ची असेल तर उत्तर ७४ येते. हे वॉट-तास झाले. १०० पर्यंत चालते. १०० ते १६० असल्यास कंपनीची परवानगी आधी घ्यावी. त्याहून मोठी नेताच येत नाही. आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवावी. फुगलेली तर मुळीच नेऊ नये. नेलेली डोळ्यांसमोर ठेवावी, गरम लागली तर लगेच सांगावे. कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून निघण्यापूर्वी मुलांकडून पाहून घ्यावेत.

भगिनींनो, नियम मला ठाऊक होता. आड आली ती लाज. चारचौघांत आपल्यामुळे खोळंबा नको, म्हणून आपण बायका पुष्कळदा गप्प बसतो. दुखणे सांगत नाही, शंका विचारत नाही. त्या दिवशी वीस मिनिटे लोकांची बोलणी खाल्ली, पण परतताना ते बाळ आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून हसले. तेवढ्यात मला सारे भरून पावले.