अनधिकृत कोण?

(घाटकोपर येथे गावाकडील मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही काही व्याख्याते नव्हे. घाटावरच्या एका खेड्यात पोरांना बाराखडी आणि पाढे शिकविणारे मास्तर आहोत. सुटीत आप्तांकडे आलो असता आपण आम्हास बोलावयास उभे केलेत. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि जे कागदोपत्री वाचले तेवढेच सांगतो. चुकलो तर सभेतच कान धरावा.

विषय आपण असा दिलात की, सरकारवरचा आणि संस्थांवरचा लोकांचा भरवसा का उडाला. शिकलेल्या मंडळींपाशी याचे उत्तर तयार असते. ती म्हणतात, लोक अडाणी आहेत, त्यांना कायद्याची चाड नाही, फुकटाची चटक लागली आहे. हे उत्तर आम्हास पटत नाही. ज्याला कायद्याची चाड नाही तो माणूस कागद जपून ठेवीत नाही, आणि आमची माणसे कागद किती जपतात ते आम्ही परवाच पाहिले.

आमच्या गावच्या कुंभारवाड्यातील एक म्हातारी नवरा वारल्यापासून येथेच मुलापाशी, डोंगराच्या उतारावर झोपडीत राहते. झोपडीच्या पात्रतेचे कागद तपासावयाचे होते म्हणून आम्ही तिच्यासोबत कचेरीत गेलो. तिच्याजवळ प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, आणि तिच्यात फडक्यात गुंडाळलेले कागद होते. रेशनकार्ड, 1999 सालचे विजेचे बिल, मतदार यादीचा उतारा, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. सोन्याचा डाग कोणी एवढा जपणार नाही. कारकुनाने कागद चाळले. एका कागदावर नावापुढे 'बाई' आहे आणि दुसऱ्यावर नाही, सबब या दोन्ही बाया एकच असल्याचा पुरावा आणा, असे तो म्हणाला. म्हातारी बाहेर येऊन पायरीवर बसली. मग आम्हास म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडं समदे कागद मागत्यात. ह्या सायबाकडं कुणी मागतं का वो?"

वर्गात एखाद्या पोराने अवघड प्रश्न विचारला तर आम्ही 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेतो. त्या पायरीवर तेही जमले नाही. आजचे हे भाषण त्या म्हातारीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजा.

या उपनगरांत एक शब्द लहान पोरांनाही ठाऊक आहे, तो म्हणजे 'अनधिकृत'. आमच्या खेड्यात हा शब्द कोणी उच्चारीत नाही. येथे मात्र भिंत अनधिकृत, नळ अनधिकृत, पोटमाळा अनधिकृत, आणि माणूससुद्धा एका तारखेच्या पलीकडे आला असेल तर अनधिकृत. ती तारीख आधी 1 जानेवारी 1995 होती, पुढे 1 जानेवारी 2000 झाली. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्यांना पैसे भरून घर मिळेल असे ठरले, आणि 2023 साली त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरविली. आता मौज अशी की, 1950 साली आणि मग 1957 साली अशी दोन टप्प्यांनी ही गावे मुंबईच्या पालिकेत घेतली, तोवर इकडे शेते, मिठागरे आणि कोळी-आगरी-भंडाऱ्यांची गावठाणेच होती. ज्यांची शेते गेली त्यांच्या नातवांना आज आपल्याच घरावर पत्रा चढवावयाचा तर परवाना काढावा लागतो. असो. नियम असावा, याबद्दल आमची तक्रार नाही. शहर नियमावाचून चालत नाही. आमची तक्रार मापाची आहे. वाण्याच्या दुकानात घेण्याचा शेर एक आणि देण्याचा शेर दुसरा असला की गिऱ्हाईक त्या वाण्याला चोर म्हणते. गिऱ्हाईक अडाणी आहे असे कोणी म्हणत नाही.

येथून जवळच छेडानगरला काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. गावाकडच्या वाचकांसाठी सांगतो. 13 मे 2024 रोजी वादळी वारा सुटला आणि पेट्रोल पंपावर जाहिरातीचा एक प्रचंड फलक कोसळला. 17 माणसे गेली, सत्तराहून अधिक जखमी झाली. बिचारी पावसाच्या आडोशाला आणि पेट्रोल भरावयाला थांबलेली माणसे. फलक किती होता? 120 फूट रुंद आणि 120 फूट उंच. पालिकेच्या नियमाने किती असावयास हवा होता? 40 गुणिले 40. आमच्या चौथीच्या पोरांना आम्ही हे गणित घातले, तेव्हा त्यांनी नऊपट असे बरोबर उत्तर दिले. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. पालिका म्हणाली, आमची परवानगीच नव्हती. पलीकडून म्हणणे असे की, ही जागा पालिकेच्या परवान्याखाली येतच नाही. पुढे एक वरिष्ठ अधिकारी निलंबित झाला, निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी झाली. ते व्हावयासच हवे होते. पण त्या म्हातारीच्या प्रश्नाकडे पाहा. वीतभर वाढविलेला ओटा ज्या डोळ्यांना गल्लीत शिरून दिसतो, त्याच डोळ्यांना हमरस्त्यावरचा नऊपट फलक दिसला नाही, हे लोकांनी कसे मानावे? लोक असे म्हणतात की डोळा अधू नाही, तो निवडून पाहतो. आणि एकदा लोकांच्या मनात हे बसले की पुढे तोच डोळा खरोखर न्यायाने पाहू लागला तरी लोक विश्वास ठेवीत नाहीत.

त्याच पूर्व द्रुतगती मार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. 11 जुलै 1997 च्या सकाळी तेथे डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली लोकांनी पाहिली. लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. 10 जणांचे प्राण गेले. सांगण्यात आले की जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला आणि त्याने हा गोळीबार अनाठायी ठरविला. ज्या फौजदाराच्या हुकमाने गोळ्या सुटल्या त्याला 2009 साली, म्हणजे 12 वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप सांगितली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा तहकूब करून जामीन दिला. आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. न्यायालयाने कायद्याप्रमाणेच केले असेल. जामीन हा आरोपीचा हक्क आहे आणि तो गरिबालाही मिळावा अशीच आमची इच्छा. पण जी आई 12 वर्षे तारखांना जाऊन आली, तिच्या हिशेबी सरकार म्हणजे काय? गोळी सुटावयास काही मिनिटे आणि जाब मिळावयास एक तप. त्या वस्तीतील वेदना असह्य होऊन शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी आपले जीवन संपविले, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. हे सारे आम्ही वर्तमानपत्रात वाचले, आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले 'पोलीस आपले मित्र' हे वाक्य वाचताना आजही जीभ अडखळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. म्हातारीने विचारले होते, साहेबाकडे कोणी कागद मागते का. साहेबाचा कागद म्हणजे काय? लोकांचे मत, हाच त्याचा कागद. राज्याचा अधिकार आभाळातून पडत नाही आणि आता तो जन्मानेही मिळत नाही. तो मतपेटीतून निघतो, आणि त्याला मुदत असते. पालिकेची मुदत पाच वर्षे. ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे घटनेतच लिहिलेले आहे. मुंबईच्या पालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 रोजी. मध्ये पावणेचार वर्षांहून अधिक काळ गेला. प्रभाग 227 की 236, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण कसे, यांवर खटले चालले. आरक्षणाचा प्रश्न आपल्याच हक्काचा होता; तो नीट सुटावा असे आम्हासही वाटे. पण त्याच्या नावावर निवडणूकच राहिली, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला 2025 च्या मे महिन्यात 'निवडणुका घ्या' असे बजावावे लागले. तोवर आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. 2025-26 चे अंदाजपत्रक 74 हजार कोटी रुपयांच्या वर होते. एवढ्या रकमेला 'हे का?' असे विचारणारा लोकांनी निवडलेला एकही तोंडाचा माणूस त्या सभागृहात नव्हता.

अधिकारी वाईट होते असे आमचे म्हणणे नाही. कदाचित नगरसेवकांपेक्षा त्यांनी काम बरे केले असेल; तसे म्हणणारे आम्हास येथेच भेटले. "मास्तर, मधले दलाल तरी गेले," असे एक रिक्षावाले बंधू म्हणाले. ही आम्हास सर्वांत भयंकर गोष्ट वाटली. लोकांना आपलाच निवडलेला माणूस नसला तरी चुकल्यासारखे होत नाही, याहून त्या माणसाची बेअब्रू ती कोणती? 2012 साली या शहरातील निम्म्याहून कमी मतदारांनी पालिकेला मत दिले. 2017 साली आकडा शेकडा 55 च्या आसपास चढला, आणि चार वर्षे वाट पाहिल्यावर 2026 सालीही शेकडा 60 गाठता आले नाहीत.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते. ते सभासदत्व काही लोकांनी दिलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. तरीही 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चावे असे निघाले, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव काही त्यांच्या एका मताने पडला नाही. पण परक्यांच्या राज्यात, नेमलेल्या लोकांच्या सभेत, 'नाही' म्हणावयाला एक खुर्ची होती. आमच्या स्वराज्यात, देशातील सर्वांत श्रीमंत पालिकेत, जवळजवळ चार वर्षे ती खुर्चीच उचलून ठेवली होती. झोपडीला तारीख चुकली तर बुलडोझर येतो; पालिकेची तारीख चुकली तर मुदतवाढ येते. म्हणून म्हातारीला आम्ही सांगू की, बाई, साहेबाकडे कागद मागावा असे घटनेने सांगितले आहे, पण मागणाराला रांगेत फार मागे उभे केले आहे.

कोणी म्हणेल, काम चांगले झाले की पुरे, पद्धत कशाला पाहता? याला उत्तर गोरेगावच्या आरे वसाहतीतले. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि वरच्या न्यायालयात जावयास लोकांना फुरसत मिळण्यापूर्वी त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. 7 तारखेस सर्वोच्च न्यायालयाने थांबविले तोवर 2,141 झाडे पडली होती. पुढे 84 झाडांची मुभा असताना त्याहून अधिकांसाठी परवानगी मागितली म्हणून त्याच न्यायालयाने 2023 साली मेट्रो कंपनीला 10 लाख रुपये दंड केला. 2024 च्या ऑक्टोबरात आरेपासून मेट्रो सुरू झाली. आम्ही तिच्यात बसलो. गाडी उत्तम आहे, गोरगरिबांच्या घामाची गर्दी कमी होत असेल तर आनंदच आहे. परंतु पाड्यांवरील वारली आणि कोकणा बांधवांना तुम्ही काय शिकविलेत? की दिवसा न्यायालय असते आणि रात्री करवत. ते आता तुमच्या दिवसाच्या शब्दावरही विसंबणार नाहीत.

सरकारलाच झोडपून आम्ही खाली बसलो तर ती लबाडी होईल. संस्था आपल्याही आहेत. भांडुपास मुख्य कचेरी असलेली पंजाब ॲण्ड महाराष्ट्र सहकारी बँक 2019 च्या सप्टेंबरात अडली, आणि आपलेच पैसे काढावयास प्रथम 1,000 रुपयांची मर्यादा आली. एका बांधकाम कंपनीची कर्जे हजारो बनावट खात्यांआड दडविली होती असे तपासात निघाले. सहकार म्हणजे सर्वांचा मिळून कारभार. पण वार्षिक सभेत चहा पिऊन आपण हात वर करतो आणि ताळेबंद वाचीत नाही. आमच्या गावची ग्रामसभा म्हणाल तर तिच्यात माणसे पंधरा आणि सह्या दीडशे. आम्ही तीत बसून हे पाहिले आहे, आणि मास्तरकी सांभाळण्यासाठी गप्प राहिलो आहोत. ब्राह्मण कुलकर्ण्याने दप्तर दाबले म्हणून आपल्या आजोबांनी ओरड केली ती रास्तच होती. आता दप्तर आपल्यातल्याच पाटलाच्या कपाटात असते, आणि किल्ली मागितली तर आपणच म्हणतो, जाऊ द्या, घरचाच माणूस आहे.

निवडणुकीच्या कामावर आम्ही केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा बसलो आहोत. तेथे एक गोष्ट पाहिली. मत देऊन काही होत नाही असे पारावर म्हणणारी म्हातारी माणसे सकाळी सातला रांगेत उभी असतात. शाई लावताना बोट आधी धोतराला पुसून पुढे करतात. सरकारवर त्यांचा भरवसा नाही, पण सरकार आपले असावे ही आस सुटलेली नाही. ज्याला खरोखर परके मानले त्याच्या दारी कोणी बोट पुसून जात नाही.

म्हातारीचे काम अडलेलेच आहे. दोन नावांची बाई एकच आहे असे प्रतिज्ञापत्र आम्ही लिहून आणले आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता त्या कचेरीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. आपणांपैकी ज्यांचे कागद असेच अडले असतील त्यांनी बरोबर यावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि घेणाराची सही मागावी. तो कुरकुर करील. सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.