पाव मैलाचा सांगाडा

ड्रॅग शर्यत अवघी पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरांची. उभी असलेली मोटारसायकल सरळ रेषेत सुटते आणि काही सेकंदांत सारे संपते. एवढ्या अंतरासाठी शौकीन मंडळी घरामागच्या छपरीत महिनोन्‌महिने सांगाड्याशी झुंजत बसतात.

सुटताना मागचे चाक जोराने जमीन रेटते आणि पुढचे चाक वर उचलले जाऊ लागते. गाडी जितकी उंच व आखूड, तितकी ती उलटण्याची भीती अधिक. म्हणून सांगाडा कापून, पोलादी नळ्या सांधून तो लांबवतात व खाली आणतात. लांबी अती झाली, तर मात्र मागच्या चाकावर पुरेसा भार येत नाही आणि ते जागीच घसरते.

या पेचावर अमेरिकेतील मिशिगनच्या ई. जे. पॉटर या तरुणाने १९६० साली अजब तोड काढली. हार्ले-डेव्हिडसनच्या सांगाड्यात त्याने शेव्हरोले मोटारीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले. क्लच नव्हताच! स्टँडवर मागचे चाक गरगर फिरवायचे आणि गाडी खाली सोडायची; धूर ओकत घसरणारा टायरच क्लचचे काम करी. लोक त्याला 'मिशिगनचा वेडा' म्हणत. पण त्या वेडात हिशेब होता. २०१२ साली तो वारला.

घरच्या कार्यशाळेत निरीक्षक नसतो. चाके एका रेषेत आहेत का, हे ताणलेली दोरी सांगते. सांधा एकजीव झाला का, हे कारागिराने स्वतःच्या मनाला विचारायचे असते. कच्चा सांधा भर वेगात बोलतो. तेव्हा दुरुस्तीला अवसर उरलेला नसतो.