होडीचे इंजिन आणि अडकलेली रिंग



कोलकात्याच्या घाटावरून पाहिले, तर हुगळी संथ वाटते. परंतु ही भरती-ओहोटीची नदी आहे. उधाणाच्या दिवसांत भरतीची लाट भिंतीसारखी प्रवाहाच्या उलट चढून येते. बंगाली माणूस तिला 'बान' म्हणतो. अशा वेळी होडीचे इंजिन बंद पडले, तर नावाड्याच्या हाती फारसे काही उरत नाही. २००९ साली 'आयला' आणि २०२० साली 'अम्फान' या चक्रीवादळांत सुंदरबनचे बांध फुटले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी महापूर पाहिला. दोन्हीकडे माणसांना आधार झाला तो होड्यांचाच. होडीच्या मागे लावण्याचे छोटे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, पुष्कळदा महिनोन् महिने पडून असते. आणि संकटाच्या दिवशी मात्र ते तत्क्षणी सुरू व्हावे, अशी आपली अपेक्षा असते.

या अपेक्षेच्या आड पुष्कळदा येते ती पिस्टनची रिंग. एका जागी खंड असलेले हे लवचिक कडे पिस्टनच्या खाचेत मोकळे असते. सिलिंडरच्या भिंतीला टेकून ते वायूचा दाब राखते आणि पिस्टनची उष्णता भिंतीकडे पोचवते. दोन धावांच्या इंजिनात वंगणतेल पेट्रोलबरोबरच जळते. त्याची काजळी खाचेत साचली, की रिंग जखडते. मग दाब निसटतो, दोरी ओढताना हाताला नेहमीचा विरोध जाणवत नाही आणि इंजिन सुरू होण्यास कुरकुरते.

येथे बळाचा उपयोग नाही. प्लगची तार अलग करावी, प्लग काढावा आणि त्या छिद्रातून गंज सोडवणारे पातळ तेल ओतून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून चाक हाताने सावकाश फिरवावे, तेही नेहमीच्याच दिशेने. उलट फिरवल्यास पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी पाती दुमडतात. गरज वाटल्यास हाच उपचार पुन्हा करावा. उरलेले तेल निघून गेल्यावरच प्लग बसवावा. प्रथम धूर पुष्कळ येईल, म्हणून इंजिन उघड्यावर चालवावे.

एवढ्याने रिंग सुटली नाही, तर सिलिंडर उतरवून पिस्टन रॉकेलमध्ये भिजवावा. जुन्या मोडक्या रिंगेच्या तुकड्याने खाच खरवडता येते. मात्र पिस्टनचा धातू मऊ असतो, त्याला ओरखडा पडू देऊ नये.

खरा उपाय आधीचाच आहे. तेलाचे प्रमाण पुस्तिकेत सांगितले असेल तेच ठेवावे. मंद गतीवर इंजिन तासन् तास चालवू नये. ठेवून देण्यापूर्वी ते गोड्या पाण्याने धुवावे, प्लगच्या छिद्रातून थोडे स्वच्छ तेल सोडावे आणि अधूनमधून चाक हाताने फिरवावे. हे काम थोड्या वेळाचे आहे. पण ते किनाऱ्यावर, आभाळ निरभ्र असतानाच करावयाचे असते.