गाडीचा शॉकअप



तुमच्यापैकी कोणी टेम्पो चालवतो, कोणी जीप चालवतो. बाकीचे त्यांत बसून बाजाराला जातात. म्हणून आज गाडीच्या एका भागाची माहिती करून घेऊ. त्याचे नाव शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजात त्याला ‘शॉकअप’ म्हणतात.

पुष्कळांना वाटते, शॉकअप म्हणजे बसणाऱ्याची सोय. तो गेला तर कंबर दुखेल, दुसरे काय होणार? पण तसे नाही. तो जीव राखणारा भाग आहे. कसा, ते पाहू.

गाडीचे ओझे स्प्रिंगा किंवा पाटे पेलतात. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते व धक्का सोसते. पण दबलेली स्प्रिंग उसळते. पुन्हा दबते, पुन्हा उसळते. झोपाळ्याला एक झोका द्या, तो किती वेळ हलत राहतो! हाताने धरला की थांबतो. स्प्रिंगला असा धरणारा हात म्हणजे शॉकअप.

त्याच्या पोटात तेल असते. तेलात दट्ट्या वरखाली होतो. बारीक भोकांतून तेलाला वाट काढावी लागते. बादलीतल्या पाण्यात हात हळू फिरवा, सहज फिरतो. जोराने फिरवा, पाणी अडवते. तसेच हे तेल उसळी अडवते. उसळीचा जोर तेलात जिरतो आणि त्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावर शॉकअप गरम होतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. ब्रेक चाक थांबवतो. पण गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीमुळे. एका टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. चाक उसळले की तेवढीही पकड सुटते. मग ब्रेक दाबा, नाहीतर स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. घाटाचे वळण आहे, पाऊस आहे, समोर एखादे पोर आले. तेव्हा काय होईल, ते सांगायला नको.

शॉकअप गेला हे कसे ओळखावे? त्याच्या अंगावर तेल ओघळलेले दिसते. ब्रेक मारला की गाडीचे नाक फार खाली जाते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी डुलत राहते. टायर जागोजागी झिजतो. लहान मोटार असेल तर एक कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक. दोनतीनदा हलली तर गॅरेजात न्या. मात्र अर्धवट झिजलेला शॉकअप असा सापडत नाही. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला तो तपासायला सांगा.

‘गाडी खाली बसली नाही, म्हणजे शॉकअप चांगला,’ असे म्हणू नका. ओझे पेलणे हे त्याचे काम नव्हेच.

बदलताना पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना असेल तर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी चालत नाही. आणि नेमापेक्षा जास्त माणसे व माल भरू नका.

गाडीत बसणाऱ्यांनीही गप्प राहू नये. गाडी फार डुलू लागली तर सरळ विचारावे, “दादा, शॉकअप कधी तपासला?” त्यात कमीपणा कसला? गाडीत आपलीच लेकरे बसलेली असतात.