ढोल वळतो, ताशा अडतो

मंडळी, मिरवणूक कोपऱ्यावरून पुढे गेली की आपल्या गल्लीत ताशा विरतो, ढोल मात्र घुमत राहतो. हा तरंगलांबीचा खेळ. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनं असली तर लाट ३.४ मीटर लांब. ५००० असली तर जेमतेम सात सेंटिमीटर. लांब लाट घराला वळसा घालते, आखूड अडते. प्रकाशाची लाट तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. म्हणून भिंतीआडून आरती ऐकू येते, मूर्ती दिसत नाही.

आता मांडवातले स्पीकर. ते आपण मैदानाकडे फिरवले तर झांजांचा कल्लोळ मागे कमी होईल. बेस नाही. तो मागच्या घरातल्या आजारी आजोबांच्या खाटेपर्यंत पोचणारच. यंदा बेसचं बटण आपण खालीच ठेवू या.