एकाच मुलाचा आलेख

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॉम्प्युटरचा इंजिनियर मुलांच्या वागणुकीवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. पण आमचं पोट ज्या सवयीवर चालतं, तिच्याबद्दलच मी बोलणार आहे. प्रोग्रॅम बिघडला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा चालवून बघायचं. एकदम चार ओळी बदलल्या आणि तो चालायला लागला, तर आनंद होतो, पण कळत काहीच नाही.

औषधाची चाचणी म्हटली की शेकडो माणसं, त्यांचे दोन गट आणि दोन सरासऱ्या, असं चित्र आपल्या डोळ्यापुढे येतं. ते योग्यच आहे. पण आईबापांचा प्रश्न सरासरीचा नसतो. ‘आमच्या’ पोराला गुण येतोय का, एवढंच त्यांना हवं असतं. त्यासाठी वेगळी पद्धत आहे. तिला सिंगल-सब्जेक्ट डिझाइन म्हणतात. हिच्यात मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी होत नाही (आपल्याकडे ती फुकटात होतेच!), त्याची स्वतःशीच होते.

एक जुनं उदाहरण सांगतो. १९६८ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ हे नियतकालिक सुरू झालं. पहिल्याच वर्षी त्यात हॉल, लुंड आणि जॅक्सन यांचा एक लेख आला. त्यात तिसरीतला एक मुलगा आहे, लेखातलं त्याचं नाव रॉबी. वर्गात हा रबरबँड ताणत बसायचा, दुधाच्या रिकाम्या खोक्याशी खेळायचा. निरीक्षकांनी दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडून नोंदी केल्या, तर रॉबी साधारण २५ टक्के वेळच अभ्यास करत होता. आणि बाईंचं त्याच्याकडे जे लक्ष जायचं, ते निम्म्याहून जास्त वेळा तो अभ्यास करत नसतानाच! मग ठरलं, की त्याने सलग मिनिटभर अभ्यास केला की निरीक्षकाने खूण करायची आणि बाईंनी जवळ जाऊन शाबासकी द्यायची. प्रमाण ७१ टक्क्यांवर गेलं.

इथवर कोणीही म्हणेल, पोरगं मोठं झालं असेल, सुधारलं असेल. म्हणून त्यांनी शाबासकी मुद्दाम थांबवली. प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास घसरलं. पुन्हा सुरू केली, तर ७० ते ८०च्या मध्ये स्थिरावलं. मला विचाराल तर यातला खरा पुरावा चढण्यात नाही, उतरण्यात आहे.

सुरुवातीच्या, काहीही न बदलता केलेल्या मोजणीला बेसलाइन म्हणतात. घाई होते ती इथेच. ताप आपोआप उतरत असताना जे औषध चालू असतं, त्यालाच श्रेय मिळतं, तसंच हे आहे. आलेख आधीच खाली येत असेल तर थांबावं आणि तो स्थिर होऊ द्यावा.

आता घरचं सांगतो. आमच्या थोरल्याला ऑटिझम आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो पाच वर्षांचा असताना बोलता येत नसल्यामुळे किंचाळून मागायचा. थेरपिस्ट म्हणाली, चित्रांची कार्डं वापरा. त्याच आठवड्यात एका मित्राने गहू आणि दूध बंद करायला सांगितलं, आणि पुण्याहून आईने ब्राह्मीचं तेल पाठवलं. सगळ्यांची माया खरी. आम्ही रांग लावली. आधी दहा दिवस संध्याकाळी सहा ते सात फक्त मोजलं. बायकोने फ्रिजवर कागद लावला, किंचाळला की एक रेघ. रोज बारा ते सोळा रेघा. मग फक्त कार्डं सुरू केली. तीन आठवड्यांत रेघा चार-पाचवर आल्या.

कार्डं काढून घेऊन बघायचं का? आमच्याच्याने ते झालं नाही, आणि गरजही नव्हती. मूल मागायला शिकलं की ते शिकणं सायकलसारखं असतं, कार्डं काढली म्हणून पुसलं जात नाही. आणि एखादं मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर गुण आलेला उपाय मोजणीसाठी बंद करणं मला तरी पटत नाही. अशा वेळी मल्टिपल बेसलाइन वापरतात. मोजणी तीन ठिकाणी एकदम सुरू करायची, पण उपाय एकेका ठिकाणी, अंतर ठेवून. आम्ही घर, गाडी आणि मंडळाचे कार्यक्रम अशा तीन रेघा काढल्या. घरी कार्डं सुरू झाली तेव्हा घरची रेघ उतरली, गाडीतली होती तिथेच राहिली. गाडीत सुरू केल्यावर मग तीही उतरली. योगायोग दोनदा आमच्या वेळापत्रकाप्रमाणे कशाला येईल?

त्यानंतर गहू-दूध चार आठवडे बंद ठेवलं. रेघ हलली नाही. याचा अर्थ इतर कोणाच्या मुलाबद्दल मी काही सांगू शकतो असा नाही. आईला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला. ती म्हणाली, “मग त्याला पोळी दे की रे, किती आवडते त्याला.” तेल मात्र ती अजून पाठवते, आणि आम्ही लावतो. डोकं शांत राहतं, माझं.

काय मोजायचं हे कोण ठरवणार, हाही प्रश्न आहेच. आनंद झाला की तो हात फडफडवतो. तेही कमी करू या, असं एकीकडून सुचवलं गेलं. आम्ही नाही म्हटलं. ते कोणाला त्रास देत नाही. मोठे झालेले ऑटिस्टिक लोक आज स्वतः हेच सांगतात, आणि ते ऐकायला हवं.

राहिली तिसरी रेघ, मंडळाची. ती उतरलेली नाही. कार्डं असूनही गणपतीच्या आरतीला झांजा सुरू झाल्या की तो किंचाळतो. तिथे त्याला काही मागायचं नसतं, आवाज सोसत नसतो, असा आमचा अंदाज आहे. म्हणून या वर्षी आम्ही दाराजवळ बसणार, आणि झांजा सुरू व्हायच्या आधी त्याला बाहेर नेणार. तेव्हा आरती सोडून निघालेलो दिसलो तर थांबवू नका. वही आणली आहे, कोणाला बघायची असेल तर चहाच्या वेळी माझ्याकडे या.