अंगावरची लिपि

गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत, दरेकसा स्थानकाजवळच्या डोंगरांत, कचारगडची विशाल गुहा आहे. पारी कुपार लिंगोनें या गुहेंत कोंडलेल्या बालकांस मुक्त केलें व त्यांच्यापासून गोंडांचीं कुळें विस्तारलीं, अशी श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेस दूरदूरच्या राज्यांतून हजारों गोंड स्त्रीपुरुष तेथें दर्शनास लोटतात. त्या गर्दींत एखादी वृद्धा दृष्टीस पडते. तिच्या हातापायांवर निळसर ठिपके व रेघा उमटलेल्या असतात. शहरांतील पाहुण्यास ती नुसती नक्षी वाटते. वृद्धेस मात्र तें आपलें खरें धन वाटतें. दागिने मृत्यूनंतर इहलोकींच राहतात, गोंदण तेवढें सोबत येतें, अशी गोंड स्त्रियांची जुनी समजूत आहे.

हें गोंदण करणाऱ्या बहुधा ओझा समाजाच्या स्त्रिया असत. त्यांचे पुरुष गोंड वीरांच्या कथा गात, आणि त्या स्वतः सुईनें व काजळीनें अंगावर चिन्हें उठवीत. एकाच घरांत स्मृतीचे असे दोन कोश नांदत होते. एक कंठांत, दुसरा सुईच्या टोकाशीं.

प्राचीन मिसर देशांतहि अंगावर गोंदण्याची चाल होती. १८९१ सालीं देर-अल-बहरी येथें हाथोर देवीची पुजारीण अमुनेत हिचा, सुमारें चार हजार वर्षें जतन झालेला देह सांपडला. त्यावर ठिपक्यांच्या व रेघांच्या रांगा होत्या. २०१४ सालीं देर-अल-मदीना येथील एका स्त्रीच्या देहावर तर कमळें, गाई व रक्षणकर्ता ‘वजेत’ नेत्र आढळले. गळ्यावरील नेत्रालगत ‘नेफर’, म्हणजे शुभ, हें अक्षरचिन्हहि होतें. नक्षी आणि लेखन यांची तेथें गांठ पडली होती.

आजचे तरुण तोच नेत्र, किंवा जीवनाचें ‘अंख’ चिन्ह, हौसेनें दंडावर उमटवून घेतात. कोणी आपलें नांव लंबगोल चौकटींत लिहवून घेतो. ती चौकट मिसरमध्यें बहुधा राजाराणींच्या नांवांसाठीं राखलेली होती, हें त्याच्या गांवींहि नसतें. हौसेंत दोष नाहीं. पण अर्थ न विचारतां घेतलेलें चिन्ह मुकें राहतें.

मिसरची लिपि एकदां अशीच मुकी झाली होती. तिचा शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावर इ. स. ३९४ मध्यें कोरला गेला. पुढें वाचणारे उरले नाहींत. १८२२ सालीं फ्रेंच पंडित शांपोल्यों यानें उलगडा केला, तेव्हां तिला पुन्हां वाचा फुटली. जवळजवळ चौदा शतकें ती थांबूं शकली, कारण ती दगडावर होती. कचारगडच्या वृद्धेचा हात इतका काळ थांबणार नाहीं.

१९१८ सालीं शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं गोंडी भाषेसाठीं लिपि रचली. आजीच्या मनगटावरील चिन्हाचें गोंडी नांव व त्याचा अर्थ नातीनें त्या लिपींत, अथवा देवनागरींत, एकदां उतरून ठेवला, तर तो हात मातीस मिळाल्यावरहि तें चिन्ह वाचतां येईल. त्यासाठीं कोणी शांपोल्यों लागत नाहीं. आजीजवळ घटकाभर बसून विचारणें पुरें आहे.